आधी जाळं ठरवा, मग होडी: महाराष्ट्राच्या दर्यात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

गेली दोन-तीन वर्षं आमच्या बंदरावर एक नवीनच प्रकार बघतोय. पोरं मुंबईची नोकरी सोडून गावाला येतात, हातात थोडे पैसे असतात, काकाची नाहीतर आजोबांची दर्यातली ओळख असते, आणि आल्या आल्या पहिला प्रश्न, 'होडी केवढ्याला मिळेल?' प्रश्न बरोबर आहे हो, पण तो तिसरा-चौथा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की जाळं कुठलं टाकणार. कारण आपल्याकडचा कायदा तुमच्या होडीकडे नंतर बघतो, जाळ्याकडे आधी. किती खोलीवर जायचं, कुठल्या महिन्यात, दिवसा की रात्री, आस (म्हणजे जाळ्याच्या भोकाचं माप) केवढा, परवाना मिळणार की नाही, हे सगळं जाळ्यावर ठरतं. होडी घेऊन बसलेले आणि मग 'या जाळ्याला परवाना नाही' ऐकून कपाळाला हात लावलेले दोघंतिघं माझ्याच ओळखीत आहेत, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून टाकतो.

सुरुवातीला, दर्या कोणाचा

किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, हा पट्टा राज्य सरकारच्या अखत्यारीत. (सागरी मैल रस्त्याच्या मैलापेक्षा मोठा, १.८५२ किलोमीटरचा, नवीन माणूस इथेच गोंधळतो.) त्याच्या पुढे २०० सागरी मैलांपर्यंत केंद्राचा कारभार. आपल्या पट्ट्यात चालतो तो महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ चा, आणि त्यात २०२१ साली मोठी दुरुस्ती झाली. ती दुरुस्ती लक्षात ठेवायचं कारण एकच, दंड. पूर्वीचे दंड एवढे किरकोळ होते की लोक ते डिझेलच्या खर्चात धरायचे, भरायचे आणि परत तेच करायचे. आता आकडे लाखात गेलेत आणि निवाडा तहसीलदाराकडून काढून मत्स्यव्यवसाय खात्याच्याच जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडे दिलाय, त्यामुळे फाईल लोळत पडत नाही.

१२ मैलांच्या बाहेर जायचं मनात असेल तर २०२५ च्या नोव्हेंबरात केंद्राने नवे नियम आणलेत, यांत्रिकी आणि मोठ्या मोटरवाल्या बोटींना बाहेरच्या पाण्यासाठी अॅक्सेस पास लागतो, तो ऑनलाइन आणि फुकट मिळतो. छोट्या पारंपरिक होडीवाल्यांना त्याची गरज नाही. नवीन माणसाने पहिल्या वर्षी तिकडे बघूच नये असं माझं मत.

आता जाळं

इथे थोडं निवांत वाचा, कारण सगळा खेळ इथे आहे.

गिलनेट, म्हणजे पाण्यात पडद्यासारखं उभं सोडायचं जाळं. मासा आसात डोकं घालतो आणि कल्ल्याशी अडकतो. आस जेवढा, तेवढ्याच मापाचा मासा लागतो, बारका आरपार निघून जातो. पापलेट, सुरमई, बांगडा, प्रत्येकाला वेगळं जाळं. नवीन माणसाला मी डोळे झाकून हेच सांगतो. खर्च आवाक्यातला, माणसं कमी लागतात, कायद्याची कटकटही सगळ्यात कमी.

डोल, म्हणजे खुंट्यांना नाहीतर नांगराला बांधून भरती-ओहोटीच्या ओढीच्या तोंडात धरलेली लांबलचक पिशवी. बोंबील, जवळा, कोळंबी. उधाण-भांगाचं, म्हणजे भरतीचा जोर कधी मोठा आणि कधी लहान याचं, गणित रक्तात असावं लागतं, पाणी कधी फिरणार हे चुकलं की जाळं उलटं. शिवाय डोलीच्या जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या असतात, कागदावर कुठे लिहिलेलं नसतं पण गावात प्रत्येकाला माहीत असतं कुठली जागा कोणाची. ज्याच्या घरात डोल नाही त्याने उगाच खुंट रोवायला जाऊ नये, पोलिसांच्या आधी गावच येईल.

रापण, किनाऱ्यावरून पन्नास-साठ माणसांनी ओढायची, सिंधुदुर्गात अजून चालते. ही एकट्याने सुरू करायची गोष्टच नाही, तिथे भागीदार म्हणून घेतलं तर जा.

ट्रॉल, तळ खरवडत ओढायचं. याला वेळेची आणि खोलीची बंधनं आहेत, संध्याकाळी ६ ते सकाळी ६ यांत्रिकी ट्रॉलिंग बंद, आणि किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात कुठे ५ वाव, कुठे १० वाव खोलीच्या आत यायचं नाही. वाव म्हणजे सहा फूट. तुमच्या जिल्ह्याला कुठला आकडा लागू ते परवान्याच्या अटींमध्ये वाचा, शेजारच्या नाखव्याला विचारू नका, तो स्वतःच्या सोयीचा आकडा सांगेल. ट्रॉलच्या शेवटच्या पोत्याला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस लागतो. आता चौकोनीच का, हे मलाही बरीच वर्षं कळलं नव्हतं. घरी एक प्रयोग करा, कांद्याची जाळीची पिशवी घ्या, तिच्यात चार-पाच किलो कांदे भरा आणि तोंडाकडून उचला. भोकं लांबट होऊन मिटतात की नाही? शंकरपाळ्याच्या आकाराचा आस तसाच वागतो, बोटीने ओढ घेतली की मिटतो, मग कागदावर ४० असलेला आस पाण्यात १०-१५ चा होतो आणि बोटाएवढी पिल्लं पण बाहेर पडू शकत नाहीत. चौकोनी आस ओढ बसली तरी उघडा राहतो. एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीसाठी लाखांत दंड आहे. कोळंबीच्या ट्रॉलला कासवं बाहेर पडायची चौकट, टेड म्हणतात ती, पण लावायची. ती नाही म्हणून अमेरिकेने आपली समुद्रातली कोळंबी घेणं २०१९ पासून थांबवलंय, म्हणजे एका बोटीचा आळस सगळ्यांच्या भावाला नडतो.

पर्ससीन, म्हणजे आख्ख्या थव्याला गोल वेढा घालून खालून दोरी ओढून बंद करायचं. याबद्दल नवीन पोरांना फार आकर्षण, एका रात्रीत लाखाचा मासा वगैरे व्हिडिओ बघून येतात. तर, पर्ससीनचा परिणाम तपासायला नेमलेल्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालावरून राज्याने ५ फेब्रुवारी २०१६ ला आदेश काढला, त्यात पर्ससीनला फक्त १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर, तेही ठरलेल्या भागातच, पालघरच्या झाईपासून रायगडच्या मुरूडपर्यंत तर नाहीच, आणि परवाने वाढवायचे सोडा, कमी करत करत १८२ वर आणायचे असं ठरलं. तेव्हा नवीन परवान्याची आशा सोडा. 'माझ्याकडे सेटिंग आहे' म्हणणारा भेटेल, त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

आणि एलईडी. रात्री जनरेटरवर मोठाले दिवे लावायचे, उजेडाला सगळा मासा गोळा होतो, लहान-मोठा, कामाचा-बिनकामाचा, अंड्यावरचा, आणि मग वेढा. केंद्राने २०१७ साली हे बंद केलं, दोन बोटींनी मिळून एक जाळं ओढायचं तेही बंद. दिवे नुसते बोटीवर बसवून ठेवणं पण बंदीत येतं, 'आम्ही पेटवले नव्हते साहेब' चालत नाही. दंड ५ ते २० लाख. गिलनेटवाले आणि एलईडीवाले यांच्यात मालवणपासून वरपर्यंत भर समुद्रात मारामाऱ्या झाल्यात, आणि मी कोणाच्या बाजूने आहे ते तुम्हाला आतापर्यंत कळलंच असेल.

मग होडी आणि तिचे कागद

नवी बांधणार असाल तर लाकूड-फायबर आणायच्या आधी मत्स्यव्यवसाय खात्याची बांधणीची परवानगी, बांधून झाल्यावर नाही. मग केंद्राच्या रिअलक्राफ्ट पोर्टलवर रजिस्ट्रेशन, मग राज्याचा मासेमारी परवाना. रजिस्ट्रेशन आणि परवाना या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, गाडीचं आरसी बुक आणि टॅक्सीचं परमिट असं समजा. एक असून दुसरं नसेल तर होडी तुमची, पण मासे मारता येणार नाहीत.

जुनी घेणार असाल तर माझी गोष्ट ऐका. मी पहिली होडी दुसऱ्याच्या हातची घेतली, सहा सिलिंडर इंजिन, नाळ-वरवंडी एकदम ठणठणीत, मालक गोड बोलणारा, गणपतीच्या आधी सौदा झाला. घरी आणल्यावर कळलं की कागदावर तीन सिलिंडर इंजिन आहे, इंजिन बदललं तेव्हा कोणी नोंदच केली नव्हती, आणि परवाना त्याच्या वारलेल्या वडलांच्या नावावर. वारसाची नोंद, मग इंजिनाची नोंद, मग माझ्या नावावर ट्रान्सफर, या तीन पायऱ्यांत दिवाळी गेली, थंडीचा चांगला सिझन गेला, होडी वाळूत उभी आणि मी रोज जाऊन तिच्यातलं पावसाचं पाणी उपसतोय. म्हणून पैसे द्यायच्या आधी चार गोष्टी ताडून बघा: होडीवर रंगवलेला नंबर, रजिस्ट्रेशनवरचा नंबर, इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकलेला नंबर, आणि परवान्यावर लिहिलेलं जाळं. ब्लॉकवरचा नंबर ग्रीसखाली असतो, डिझेलचं फडकं घेऊन स्वतः पुसून बघा, फोटोवर विश्वास ठेवू नका.

खलाशांची ओळखपत्रं पण लागतात. २००८ ला २६/११ चे दहशतवादी कुबेर ही मासेमारी बोट पळवून मुंबईत आले, तेव्हापासून समुद्रात कोण आहे याची चौकशी कडक झाली आणि ती बरोबरच आहे. बोटीवर असतील तेवढ्या माणसांचे कागद, फोटोकॉपी प्लास्टिकच्या डब्यात, डबा केबिनमध्ये उंचावर. आमच्याकडे बरेच खलाशी बाहेरून येतात, आगाऊ पैसे द्यायच्या आधी आधार बघायची सवय लावा.

सोसायटी

गावच्या मच्छीमार सहकारी सोसायटीत सभासद व्हा, आणि हे होडी घ्यायच्या आधी सुरू करा कारण सभासदत्वाला वेळ लागतो. डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा सोसायटीमार्फत येतो. तो कधी येतो हा वेगळा विषय, पण येतो. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही मिळतं, बँकेतल्या माणसाला माहीत नसेल तर त्याला सांगा. २०२५ ला राज्याने मासेमारीला शेतीचा दर्जा दिलाय, तोही आठवण करून द्या. आणि अपघात विमा, मृत्यूला ५ लाखांचा, केंद्राच्या मत्स्य संपदा योजनेतून, हप्ता सरकार भरतं. फॉर्म भरायला जातात दहा मिनिटं, पण सगळे 'करू, करू' म्हणत राहतात.

निघताना

बंदरातून बाहेर पडताना नोंद करून जायचं, किती माणसं, कधी परतणार. प्रत्येकाला लाइफ जॅकेट, आणि ते गादीखाली नाही, हाताशी. कोस्ट गार्डचा नंबर १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, मोबाईलला रेंज असेपर्यंतच उपयोगाचे, म्हणून व्हीएचएफ सेट, म्हणजे बोटीवरचा रेडिओ, चालू आहे ना ते बंदरातच बघा.

हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे त्याचा अंदाज मराठीतून मिळतो, उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हिरवटपणा बघून काढतात. आमचे जुने तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, हसायचे, पाण्याचा रंग आणि पक्षी बघून आम्हाला कळतं म्हणायचे. त्यांना कळतंच. तुम्हाला अजून कळत नाही, तेव्हा अंदाज बघून जा, फुकटचं डिझेल वाचेल.

जायचं नाही अशा जागा: मुंबई हायच्या तेलाच्या प्लॅटफॉर्मपासून ५०० मीटरच्या आत. तिथे खांबांभोवती मासा भरपूर असतो हे खरं आहे, पण खाली पाइपलाइन आहेत, जाळं अडकलं तर जाळं जाईल आणि वर केस. मालवणचं सागरी अभयारण्य, १९८७ चं, २९.१२ चौरस किलोमीटर, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा मधला भाग सगळ्यात कडक. आणि गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून जाणार असाल तर जीपीएसवर पाकिस्तानची हद्द लाल करून घ्या. पालघर जिल्ह्यातले किती खलाशी दुसऱ्याच्या बोटीवर पगारी जाऊन कराचीच्या तुरुंगात वर्षं काढून आलेत, मालक इथे आणि माणूस तिथे.

जाळं वर आल्यावर

२०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या मासळीसाठी किमान माप ठरवलं, त्याहून लहान पकडायची नाही, विकायची नाही. पापलेट १३५ मिलिमीटर. बोंबील १८०. सुरमई ३७०. बाकीच्या मापांचा तक्ता खात्याच्या ऑफिसात मिळतो, लॅमिनेट करून केबिनला लावा. पण चालत्या बोटीवर, हात खारट, पाऊस लागलेला, कोण तक्ता बघतो? म्हणून मी काय केलं, मासे निवडायच्या फळीवर डाव्या कडेला एक लाकडी पट्टी ठोकली आणि तिथून मोजून तीन खिळे मारले, पापलेटचा, बोंबलाचा, सुरमईचा. मासा पट्टीला टेकवायचा, खिळ्याच्या आत राहिला की परत पाण्यात. खलाशाला वाचता येत नसलं तरी खिळा कळतो. पहिले आठ दिवस सगळे चिडले, मग हाताला सवय झाली.

गंमत बघा, त्याच २०२३ साली पापलेटला राज्य मासा केलं. आणि बाजारात जा, बिस्किटाएवढी पापलेटं ढिगाने, 'फ्राय करायला मस्त' म्हणून विकतायत, गिऱ्हाईक पण आवडीने घेतंय. तेच पिल्लू एक सिझन थांबलं असतं तर एकाच्या जागी चारांचं जेवण आणि भाव किलोला कितीतरी पट. पालघरकडच्या सातपाटीचे मच्छीमार हे वर्षानुवर्षं ओरडून सांगतायत. पोटाखाली अंडी घेतलेली चिंबोरी आली तर तीही सोडा, यासाठी कोणी फळीला खिळा मारायला नको.

कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क, करवत मासा हे वन्यजीव कायद्यात येतात, यांना हात लावणं म्हणजे दंड नाही, जेल. व्हेल शार्क तर २००१ पासून वाघाच्या पंगतीला आहे. जाळ्यात आलं तर जाळं कापून सोडायचं. जाळं कापायचं म्हटल्यावर पोटात गोळा येतो मला माहितीय, म्हणून राज्याने २०१८ च्या शेवटी योजना काढली, कापलेल्या जाळ्याची भरपाई २५ हजार रुपयांपर्यंत. पण पुरावा लागतो. एका माणसाने फक्त मोबाईल धरायचा: प्राणी जाळ्यात असताना, जाळं कापताना, आणि तो पोहत जाताना, तिन्ही दिसलं पाहिजे, मध्ये व्हिडिओ बंद करायचा नाही. मग होडीचा नंबर आणि फाटलेलं जाळं यांचा फोटो, आणि अर्ज. आमच्या होडीवर एकदा ऑलिव्ह रिडले आलं, पुढच्या उजव्या वल्ह्याला, म्हणजे पंखाला, दोरीचे तीन फेरे, ते इतकं थकलेलं की कापताना हललं पण नाही, आणि पाण्यात सोडल्यावर क्षणभर तसंच तरंगत राहिलं, आम्हाला वाटलं गेलं. मग एकदम खाली सूर. या सगळ्या नादात व्हिडिओ काढायचाच राहिला, भरपाई शून्य.

गस्तीची बोट आली तर

पळू नका. २०२५ च्या जानेवारीपासून ड्रोन पण फिरतायत, पळून जाल कुठे. इंजिन मंद करा, डबा काढा, परवाना, रजिस्ट्रेशन, ओळखपत्रं दाखवा, जाळ्याचा आस मोजू द्या. पंचनामा झाला तर वाचल्याशिवाय सही करायची नाही, आणि मासळी किती किलो लिहिलीय ते नक्की बघा, कारण दंडाचा हिशोब त्याच्यावर जातो.

पावसाळा

१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, मासेमारी बंद. दरवर्षी आदेश निघतो, तो वाचायचा, तारखेत फरक असू शकतो. शीड-वल्ह्याच्या बिनइंजिनाच्या होड्यांना लागू नाही, इंजिनवाल्यांना लागू. ३१ मेच्या आत होडी आत आली पाहिजे. बंदीत गेलात आणि वादळात होडी बुडाली तर नुकसानभरपाई पण नाही, हे आदेशातच लिहिलेलं असतं आणि तेच कोणी वाचत नाही. हे दोन महिने बऱ्याच माशांच्या अंड्यांचे, आणि दर्या पण असा की माणसाने जाऊच नये. होडी वर ओढा, बुडाचे शंख-शिंपले खरवडा, रंग द्या, जाळी शिवा, आणि परवान्याचं नूतनीकरण याच दिवसांत उरका, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पोर्टल हमखास अडकतं.

पूर्वी आपल्याकडे ही बंदी १० जून ते १५ ऑगस्ट नाहीतर नारळी पौर्णिमा, जे आधी येईल तोपर्यंत असायची. सरकारी आदेशात नारळी पौर्णिमा लिहिलेली, काय मस्त ना! आता तारीख ठरलेली, १ ऑगस्टला कायदा मोकळा. पण पौर्णिमा तर सरकते, २०२३ ला अधिक महिन्यामुळे ३० ऑगस्टला गेली होती, २०२५ ला ९ तारखेला आली. आमच्या बंदरात अजून दोन गट आहेत, अर्धे १ तारखेला पहाटे निघतात, आणि अर्धे बर्फ भरून, डिझेल भरून, नारळाला सोनेरी कागद लावून वाट बघत बसतात. आमच्या घरी आई आहे तोवर आम्ही दुसऱ्या गटात.